बद्द

या, असे पुढं सरकून बसा. मागं खांबाला टेकलात तर निम्मी गोष्ट वाऱ्यावर जाईल, मग मला दोष देऊ नका. आज देवादिकांचं काही सांगत नाही. आपल्याच धाराशिवातल्या एका भांड्याच्या दुकानदाराचं सांगतो. तो पाखरं ऐकायला तेरणेकाठी गेला, आणि दिवसभर त्याला गाणारं एक पाखरू भेटलं नाही. का भेटलं नाही, तेवढंच ऐकायचंय. महादेवाचं नाव घ्या, आणि हातातला मोबाइल तेवढा पालथा ठेवा.

सुरुवात झाली ती एका घंटीवरून, आणि तीही एवढीशी, देव्हाऱ्यातली. पेठेत उमाशंकरच्या दुकानाचं नाव होतं ते एकाच गोष्टीसाठी: तिथं भांडं वाजवून देतात. तांब्या असो, काशाची वाटी असो, घंटी असो नाहीतर भजनाचे टाळ, गिऱ्हाइकाच्या हातात जाण्याआधी उमाशंकर ते तळहातावर तोलणार, टिचकी मारणार आणि नाद पुरता विरेपर्यंत डोळे मिटून थांबणार. चिरलेलं, डाग देऊन सांधलेलं, हलक्या धातूचं भांडं बद्द बोलतं. ते तो बाजूला काढायचा. उमाशंकरअप्पांनी मान हलवली की भांडं घेऊन निघायचं, अशी लोकांची रीत. गौरी तोंडावर आल्या होत्या. एक बाई लहान पोरीला घेऊन घंटी घ्यायला आली. उमाशंकरनं घंटी हलवली. ठक्. लाकडावर लाकूड आपटावं तसं. बाजूला ठेवली. दुसरी हलवली, तीही ठक्. "कसला माल पाठवायलेत कुणास ठाऊक," असं पुटपुटत त्यानं फडताळातनं मागच्या खेपेतली एक काढली. तीसुद्धा तशीच. तेवढ्यात बाईनं पहिलीच घंटी उचलून हलवली, आणि शेजारची पोरगी दोन्ही कानांत बोटं घालून खिदळली, "आई, बास की!" बाई म्हणाली, "अहो अप्पा, किती गोड वाजायलीय! ह्यात काय खोट काढताव?" त्यानं मुकाट्यानं घंटी कागदात गुंडाळून दिली. पण मान हलवली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या दुकानातनं मान न हलवता भांडं बाहेर गेलं. डीजे ऐकून ऐकून लोकांचे कान गेलेत, असं त्यानं स्वतःला सांगितलं. मग गिऱ्हाईक नाही असं बघून सगळ्या घंट्या ओळीनं वाजवल्या. सगळी ओळच मुकी. कासं पहिल्यासारखं राहिलं नाही. पितळ राहिलं नाही. काहीच राहिलं नाही. आणि त्याला नदी आठवली. पाखराच्या गळ्यात तर कुणी भेसळ करत नाही. उद्या दुकान पोरावर टाकायचं आणि तेरला जायचं. किती दिवस झाले पाखरं ऐकून.

ऐकूनच म्हणायचं, कारण उमाशंकर पाखरं बघायचा कमी आणि ऐकायचा जास्त. गळ्यात दुर्बीण असायची, पण ती शेवटी लावायची, खात्री करायला. वडील धोंडप्पा त्याला लहानपणी नदीकाठच्या बाजारांना घेऊन जायचे, पाठीवर भांड्यांचं गाठोडं. झाडाखाली टेकले की एक बोट वर करून म्हणायचे, "केळु." कानडी माणूस, घरात कानडी, दुकानात मराठी. केळु म्हणजे ऐक. मग दोघं ऐकायचे. धोंडप्पांना पाखरांची नावं फारशी येत नव्हती, ते आपलं भांड्यांच्या भाषेत बोलायचे: हे तांब्याचं बोलतंय, हे काशाचं, हे नुसतं पत्र्याचं. शहाणा झाल्यावर उमाशंकरनं नावं मिळवली, पुस्तकं आणली, पुण्याकडचे लोक आले की त्यांच्याबरोबर फिरला, पण आतून त्याचं पाखरू अजून तसंच होतं, धातूचं. तांबट म्हणजे हातोडी. भारद्वाज म्हणजे रिकामा रांजण. आणि वटवट्या, तो रानातला मूठभर पक्षी, म्हणजे निव्वळ कासं. कणसावर बसून सगळं अंग हलवत किणकिणणारी एवढीशी घंटी.

सकाळी निघताना बायकोनं, भुवनेश्वरीनं, डबा हातात दिला आणि मोठ्यानं म्हणाली, "एकटे जाऊ नका. मागनं गाडी आली तर कळायची न्हाई तुम्हाला." हल्ली ती सगळंच मोठ्यानं बोलायची. "ओरडतीस कशाला? मी काय म्हातारा झालोय?" तो म्हणाला. डब्यात भाकऱ्या दोघांच्या होत्या, हे त्याच्या नंतर ध्यानात आलं. बसस्टँडवर लिंबाजी उभा होता. म्हणजे हिनंच फोन केला असणार. लिंबाजीला बघून त्याला बरंही वाटलं आणि अवघडही. लिंबाजी एस्टीचा रिटायर ड्रायव्हर, देवळातला टाळकरी आणि त्याचा इतक्या वर्षांचा जोडीदार. पण श्रावणातल्या त्या सोमवारपासून दोघांत एक कुसळ राहिलं होतं. पायात घुसलेलं, वरून न दिसणारं. "रामराम अप्पा. चला, आज तुमची पाखरं आन आमची फुलपाखरं," लिंबाजी म्हणाला आणि खिडकीशी बसला. वळण आलं की ह्याचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा. पुढचा ड्रायव्हर ब्रेक उशिरा मारतोय म्हणून हा मागच्या सीटवर बसून ब्रेक मारत होता. एरवी उमाशंकर हसला असता.

त्या सोमवारचं असं झालं होतं. देवळात शिवकीर्तन होतं. तुम्हाला काय सांगायचं, कीर्तन रंगात आलं की टाळांचा आवाज वेगळा ऐकूच येत नाही, तो हवेतच उभा राहतो; मृदंग पायाखाली, वीणा छातीत, आणि टाळ डोक्याच्या वर, सगळं देऊळ उजळल्यासारखं. लहानपणी उमाशंकरच्या अंगावर त्या झणत्कारानं काटा यायचा. धोंडप्पा म्हणायचे, देव आला की टाळ आपोआप बारीक होतो. गेली दोन-तीन वर्षं मात्र कीर्तन कोरडं वाटू लागलं होतं. मृदंग तेवढा धबधब करायचा. बुवा रंगायचे, लोक डोलायचे, आणि ह्याला वाटायचं, हे कशावर डोलायलेत? त्या दिवशी नामाचा गजर टिपेला गेला आणि उमाशंकर समोर लिंबाजीचे हात बघत होता. हात उडत होते, टाळ आपटत होते, आणि आवाज मात्र ठक्, ठक्, ठक्. ते टाळ त्यानंच दिलेले, ढिगातून निवडून, दोन्ही वाट्यांचा नाद जुळेपर्यंत जोड्या लावून लावून. त्याला आवरलंच नाही. गजर थांबला तशी तो सगळ्यांसमोर म्हणाला, "लिंबाजी, टाळ वाजवतोस का भाकरी थापतोस?" लोक हसले. लिंबाजीही हसला. पुढच्या सोमवारी तो टाळाच्या ओळीत नव्हता. मागं खांबाशी बसला होता, चपलांच्या बाजूला. विचारलं तर म्हणाला, "मनगट धरलंय जरा." त्याच्या पुढच्या सोमवारीही तिथंच. बुवांनी बोलावलं तरी आला नाही. उमाशंकरला कळत होतं की आपला शब्द लागला. पण खोटं काय बोललो? टाळ वाजत नव्हताच. माफी मागायची तर कशाची? खरं ऐकल्याची? हे सगळं बसच्या धक्क्यांबरोबर डोक्यात वर-खाली होत राहिलं, आणि तेर आलं.

गाव मागं टाकून दोघं काठाकाठानं निघाले. यंदा नदीला पाणी होतं. कडेला पाणकणसाची दाटी, पलीकडं सोयाबीन, उडीद, मधेच तुरीची उंच ओळ. ऊन कोवळं, दव अजून गवतावर. असली सकाळ म्हणजे पाखरांचा बाजार. उमाशंकर बांधावर उभा राहिला, डोळे मिटले, मनातल्या मनात केळु म्हणाला आणि थांबला. होला घुमला. लांब कुठंतरी भारद्वाज हुंकारला. लिंबावर तांबट टुक टुक करत होता. आणि पुढं काही नाही. ह्या तिघांच्या वर जिथं सगळी किणकिण असायला हवी तिथं मोकळं, सपाट. गौरीच्या आरासीतली वरची पायरीच कुणी उचलून न्यावी तसं. तो थांबला. जागा बदलली. पुन्हा डोळे मिटले. होला, भारद्वाज, तांबट. समोरच्या माळावरनं एक चंडोल सरळ वर चढला, पंख फडफडवत आभाळात टांगून राहिला आणि तसाच खाली आला. न गाता. चंडोल न गाता वर जातो कशाला? कोण चढतं एवढं वर, मुक्यानं? उमाशंकरला त्या पाखराचाच राग आला. "औषधं मारून मारून सगळं संपवलं," तो म्हणाला. "नदीत ट्रॅक्टर, रानात फवारे, गावात डीजे. राहतील कशी पाखरं?" लिंबाजी म्हणाला, "व्हय." एवढंच. त्याच्या त्या होकारानं उमाशंकर आणखीच चिडला. भांडायला तरी माणूस हवा होता.

सोयाबीनमध्ये एक बाई खुरपत होती. लिंबाजीच्या ओळखीची निघाली, गजराबाई. तिच्या गावाला ह्याची मुक्कामाची गाडी जायची. "काय वो डायवर, आज बिगरगाडीचं?" तिनं विचारलं. "आमचे अप्पा पाखरं बघाय आल्यात," लिंबाजी म्हणाला. उमाशंकर पुढं झाला. "बाई, इकडची पाखरं कुठं गेली सगळी?" गजराबाईनं खुरपं थांबवलं, आधी त्याच्याकडं बघितलं, मग पाणकणसाकडं. "कुठं जात्यात? सकाळपास्नं नुसतं कान किटवून ठिवल्यात की मेल्यांनी." लिंबाजी घाईघाईनं मधे पडला, "टिटव्यांचं म्हणायली ती, अप्पा. टिटव्या लई हायत इकडं. चला, म्होरं करंजाखाली गार हाय." आणि जवळजवळ हाताला धरूनच त्याला पुढं घेऊन गेला. टिटवी एकही दिसली नव्हती. मागं गजराबाई काहीतरी बोलली आणि स्वतःशीच हसली. काय बोलली ते त्याला लागलं नाही. बायकांचं बोलणं हल्ली त्याला असंच यायचं, कडा झिजलेल्या नाण्यासारखं, अंदाजानं ओळखायचं. तोंडातल्या तोंडात बोलायची सवय लागलीय सगळ्यांना. आणि घरात मात्र ओरडायचं. ह्या जगात मधल्या पट्टीत कुणी बोलेनासंच झालंय.

जसजसं ऊन चढलं तसतसा तो एकेका झाडाखाली जाऊन उभा राहत गेला. रुसलेल्या पाहुण्याची मनधरणी करावी तसा. बाभळीत चष्मेवाले असणार, हे त्याला त्या झाडाच्या अंगावरूनच कळायचं. खाली उभं राहिलं की वरनं बारीक चांदीची चूर सांडल्यासारखा त्यांचा आवाज यायचा. आज पानं हलत होती, आवाज नव्हता. तारेवर वेडे राघू होते, चोची किंचित उघडत मिटत. त्यांची ती घरंगळती शीळ कुठं गेली? त्याला एकदम लहान मुलासारखं रडू येईल असं वाटलं, आणि रडू येतंय म्हणून संताप. घामानं दुर्बिणीचा पट्टा मानेला चावत होता. त्यातून लिंबाजीची भर. हा माणूस जाईल तिथं वाकायचा. रुईच्या पानाखाली बघायचा, बांधावरच्या फुलापाशी उकिडवा बसायचा. "अप्पा, ही बघा, कोळशाच्या काठाची! ही तांबडी, पांढऱ्या ठिपक्यांची." नाव एकाचंही ठाऊक नाही. फुलपाखरांना हा साडीसारखा ओळखायचा, काठ आणि पदर. "जलमभर काचंवर घेतली," तो म्हणाला. "सप्टेंबरात तुळजापूरच्या रस्त्यानं निघालं की पिवळी अशी अंगावर यायची. वायपर फिरवला की पिवळं पीठच पीठ. तवा कुठं टाइम हुता गाडी थांबवाय. आता बघतो एकेक." पुढं नदीच्या ओल्या चिखलावर पिवळ्या फुलपाखरांचा थवा पाणी पीत बसला होता. शेकडो पंख उघडत होते, मिटत होते, उघडत होते. लिंबाजी तिथं हात जोडल्यासारखा उभा राहिला. उमाशंकरनं एक नजर टाकली. "मुकी जात," तो म्हणाला. "ह्यांच्यात काय बघायचं? ना गळा, ना नाद." लिंबाजीनं मान वर केली. "आसंल," म्हणाला. "चला, भाकरी खाऊ."

करंजाखाली डबा उघडला. भाकरी, शेंगाची चटणी, दही, कांदा. लिंबाजीनं मुठीनं कांदा फोडला, एकाच दणक्यात. उमाशंकरची नजर त्या मनगटावर गेली. जाड, शिरांचं, स्टेअरिंगनं घडवलेलं मनगट. "बरं झालं वाटतं मनगट?" त्यानं विचारलं. लिंबाजी चटणी चाटत म्हणाला, "कांद्यापुरतं बरं हाय." दोघं हसले, पण हसणं करंजाच्या सावलीबाहेर गेलं नाही. हात धुताना उमाशंकरला वाटलं, आत्ता म्हणावं, बाबा, लागलं असेल तर सोड. पण जीभ उचलेना. खरं बोललेल्या माणसानं आधी वाकायचं म्हणजे मग दुकानात बद्द भांडंही मान हलवून द्यायचं. तसं कसं करणार?

उन्हं कलली तरी तो हट्टानं बसून राहिला, पाणकणसाच्या कडेला, दगडावर. शेवटची बस लवकर असते की उशिरा ह्यावरनं लिंबाजीशी उगाच हुज्जत घातली. "नदी मेली, लिंबाजी," तो म्हणाला. "मी आता परत यायचा नाही." आणि तोंड लपवायला म्हणून त्यानं दुर्बीण डोळ्यांना लावली, कशालाही. काचेत आधी नुसता हिरवा धूर. चाक फिरवलं. तपकिरी कणीस स्पष्ट झालं. आणि त्या कणसाच्या टोकावर वटवट्या. इतका जवळ की चोचीच्या मुळाशी असलेले केस दिसत होते. शेपटी वर, खाली, वर. चोच उघडी. आतला काळा गाभारा दिसत होता. गळ्याची पिसं थरथरत होती, नव्हे, सगळं मूठभर अंगच थरथरत होतं. चोच मिटायची, पुन्हा उघडायची, पुन्हा गळा फुगायचा. तो गात होता. जिवाच्या आकांतानं गात होता. आणि आवाज नव्हता. काचेच्या पेटीत ठेवल्यासारखा. उमाशंकरनं दुर्बीण खाली घेतली. पक्षी तिथंच होता, उघड्या डोळ्यांना दिसेल इतका जवळ. पुन्हा लावली. चोच उघडली. मिटली. आणि एकदम, कुणी मानेवर गार हात ठेवावा तसं, त्या पक्ष्याच्या जागी त्याला दोन हात दिसले. उडणारे, आपटणारे, गजराच्या टिपेवर झळाळणारे, आणि ठक्, ठक्. लिंबाजीचे हात. त्यामागं ती पोरगी, कानांत बोटं घालून खिदळणारी. भुवनेश्वरी, दारात उभी राहून ओरडणारी. चंडोल. बाभळ. गजराबाई. सगळी एकाच ओळीत येऊन उभी राहिली, आणि सगळ्यांची तोंडं हलत होती.

"लिंबाजी."

"जी."

"तो पुढच्या कणसावर बसलाय, दिसला?"

"दिसला की."

"बोलतोय का?"

लिंबाजी धोतराला चिकटलेली कुसळं काढायला लागला. "लई कुसळं बघा ह्या साली."

"मी काय विचारलं?"

"बोलायलाय," लिंबाजी खाली बघतच म्हणाला.

"कधीपासनं?"

"आपन बसलो तवापास्नं. सकाळपास्नं कोन ना कोन बोलायलंच हाय, अप्पा."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"तुमी इचारलं कुठं? तुमी म्हणलाव पाखरं मेली. म्या म्हणलं, व्हय."

नदीचं पाणी दगडाला लागून वाहत होतं. तो आवाज त्याला येत होता. तेवढा येत होता, ह्याचाही त्याला राग आला. "आणि टाळ?" त्यानं विचारलं. लिंबाजी दुसरं कुसळ शोधायला लागला. "लिंबाजी, टाळ वाजत होता का त्या दिवशी?"

"वाजत हुता."

"मग मनगट?"

"मनगटाला काय धाड भरलीय?" लिंबाजीनं कुसळ चिमटीत धरून नदीकडं टाकलं. "हे बघा अप्पा, म्या टाळ वाजवत ऱ्हायलो असतो तर तुमी पुन्यांदा वरडला असताव. मग कोन ना कोन बोललंच असतं, टाळ तर बेस हाय, अप्पाच्याच कानाला काय झालं? पेठंत असली गोष्ट जायला किती येळ लागतो? भांडं वाजवून देनाऱ्याचा कानच गेला म्हणल्यावर..." त्यानं वाक्य तिथंच सोडलं. "म्हणून म्हणलं, आपलं मनगट धरलं. मनगट कोन तपासाय येतंय?"

उमाशंकर उठला. "दया करायलास होय माझ्यावर?" तो ओरडला, आणि ओरडणं केवढं मोठं होतं ते त्याला ऐकू आलं नाही, पाणकणसातनं बगळे उठले तेव्हा कळलं. तो बांधानं एकटाच पुढं चालत सुटला. मागं वळून न बघता. चालता चालता आपण कुणावर चिडलोय हेच हाताला लागेना. पाखरं होती म्हणून आनंद व्हायला हवा होता. नदी मेली नव्हती; चांगली जिवंत, बडबडी नदी होती. मेला होता तो एक कोपरा, त्याच्याच डोक्यातला, आणि त्याच्या दुखवट्याला तो दिवसभर रानाला शिव्या देत फिरला होता. पाऊल पडत होतं आणि तळातून काहीतरी वर येत होतं. धोंडप्पांची शेवटची वर्षं. दुकानात बसायचे, भांडं उचलून स्वतः वाजवायचे नाहीत. तरुण उमाशंकरच्या हातात द्यायचे. "तू वाजव. केळु." आणि तो टिचकी मारायचा तेव्हा ते भांड्याकडं बघायचे नाहीत, त्याच्या चेहऱ्याकडं बघायचे. चेहरा खुलला की मान हलवायचे. तेव्हा वाटलं होतं, बाप धंदा हाती देतोय. आज, ह्या बांधावर, पायात कुसळं घेऊन चालताना कळलं की बापाला ऐकू येत नव्हतं. बाप मुलाच्या चेहऱ्यावरनं भांडं ऐकत होता. आणि कधी, एकदाही, बोलला नाही. एवढा अभिमान घरात पिढीजात आहे तर. त्याला हसू आलं, ते घशातच चरचरलं. तो थांबला. मागनं लिंबाजी येत होता, मधेच वाकून कुठल्यातरी पानाखाली बघत, घाई नसल्यासारखा. त्याच्यासाठी थांबण्यापलीकडं करण्यासारखं काही नव्हतं. बसमध्ये दोघं शेजारी बसले. वळणावर लिंबाजीचा पाय खाली दाबला गेला. "सोमवारी टाळ घेऊन ये," उमाशंकर म्हणाला. "बघू." "बघू नाही. मी सांगणाराय सगळ्यांसमोर." लिंबाजीनं मान जोरात हलवली. "नगा अप्पा. दुकानाचा इचार करा. पोराच्या पोटाचा सवाल हाय त्यो." उमाशंकर खिडकीबाहेर बघत राहिला. तुरीवरनं अंधारत चाललं होतं.

सोमवारी कीर्तन उभं राहण्याआधी उमाशंकर उठला. ज्या जागेवरनं बोलला होता त्याच जागेवर उभा राहिला. लिंबाजी मागं खांबाशी, मांडीवर टाळाची पिशवी, मान खाली. "मंडळी," उमाशंकर म्हणाला, "त्या दिवशी मी लिंबाजीच्या टाळाला बोललो. टाळ बद्द नव्हता. माझा कान बद्द झालाय. मला बारीक नाद ऐकू येत नाही. दुकानातलं भांडं आता ज्यानं त्यानं वाजवून घ्यावं." एवढं बोलायला त्यानं सगळा आठवडा घातला होता. त्याला वाटलं, आता पेठ कोसळणार. मग बायकांच्या बाजूनं म्हाताऱ्या सीताबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि त्याच्यासाठी म्हणून मुद्दाम खच्चून ओरडली, "आरं लेकरा, ते आमाला ठावं हाय की! म्या कवाधरनं तुज्या कानापशी येऊन वरडती! आन आमच्या दीपालीनं घंटी आणली ती काय तुजी मान बघून आणली व्हय? तिनं तिची वाजवून आणली!" सगळं देऊळ हसलं. बुवा हसले, मृदंगवाला हसला. दीपालीच्या मांडीवरची पोरगी पुन्हा कानांत बोटं घालून बसली, आता नुसती गंमत म्हणून. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळी पेठ त्याच्याभोवती इतके दिवस चवड्यांवर चालत होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की हे आपल्या एकट्यालाच माहीत आहे. लिंबाजीनं उगाच खांबाजवळ सोमवारमागून सोमवार घालवले. कुणाच्या काही उपयोगाला न आलेले सोमवार. उमाशंकरचा चेहरा लाल झाला. हसावं, का उठून जावं, कळेना. त्यानं लिंबाजीकडं बघितलं. लिंबाजीही त्याच्याकडं बघत होता, तितकाच फजीत.

मग बुवांनी हात वर केला, आणि लिंबाजी ओळीत येऊन उभा राहिला. गजर सुरू झाला. उमाशंकर समोर बसला होता. तुम्हाला वाटेल, देवाला दया आली आणि त्याला सगळं ऐकू आलं. नाही आलं. मृदंग धबधबला, आणि त्याच्यावर ठक्, ठक्, ठक्. दात आवळून तो ऐकत राहिला. गजर चढला. देऊळ डोलायला लागलं. आणि मग त्यानं ऐकणं सोडलं, आणि बघायला लागला. लिंबाजीच्या हातात त्या दोन पिवळ्या वाट्या उघडत होत्या, मिटत होत्या, उघडत होत्या. दिव्याचा उजेड त्यांच्या काठावरनं उडत होता. नदीच्या ओल्या चिखलावर बसलेल्या त्या मुक्या जातीसारखा.

झालं, एवढीच गोष्ट. मागणं फार नाही. तुमच्याकडं कुणाच्या बांधावर तो एवढासा वटवट्या असेल. तो बोलायला लागला की खुरपं थांबवा, गाडी थांबवा, पळभर उभे राहा, आणि उमाशंकरची आठवण काढा. त्याच्या वाटचं तेवढं ऐकून घ्या.